फोन शेवटी, झोप आधी : गेममध्ये अडकलेल्या मुलासाठी घरात काय करायचं, कोणत्या क्रमाने

बहुतेक घरांत सुरुवातच शेवटच्या पायरीपासून होते. युनिट टेस्टचे मार्क हातात पडतात किंवा बँकेचा मेसेज येतो, आणि त्याच रात्री बाबा फोन काढून घेतात, गेम डिलीट करतात, वायफायचा पासवर्ड बदलतात. दोन दिवस आदळआपट, जेवणावर राग, अबोला. तिसऱ्या दिवशी क्लासचा होमवर्क व्हॉट्सॲपवर येतो म्हणून फोन परत दिला जातो. आठवड्याभरात सगळं पूर्वपदावर येतं, फक्त आता मुलगा लपून खेळतो आणि गेमबद्दल घरात अवाक्षर काढत नाही.

मुंबईतल्या शाळांमध्ये पालकांशी बोलताना हे मी पुन्हा पुन्हा ऐकते. तळमळ खरी असते, क्रम चुकलेला असतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला म्हणून पुढे उडी मारू नका. तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी हे लिहिलं आहे. सोयीसाठी ‘मुलगा’ म्हटलं असलं तरी मुलीही अडकतात, आणि त्या आवाज न करता खेळत असल्या तर घरच्यांच्या फार उशिरा लक्षात येतं.

सुरू करण्याआधी : ही लक्षणं असतील तर टप्पे बाजूला ठेवा

मूल ‘मला जगायचंच नाही’ असं बोलत असेल, अंगावर स्वतः केलेल्या जखमा दिसत असतील, आवडत्या वस्तू मित्रांना वाटून टाकत असेल, किंवा ‘फोन घेतलास तर जीव देईन’ म्हणत असेल, तर ‘नाटकं करतोय’ म्हणून सोडून देऊ नका. शांतपणे थेट विचारा, ‘तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. धोका आत्ताच वाटत असेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. त्या दिवशी गेम, मार्क, पैसे यातला एकही विषय काढायचा नाही.

टप्पा १ : एक आठवडा फक्त नोंद

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. टोकायचं नाही, टोमणेही नाहीत. एक साधी वही घ्या आणि रोज चार ओळी लिहा : किती वाजता झोपला आणि उठला, नीट जेवला का, फोन हातात घेण्याच्या लगेच आधी काय घडलं होतं, आणि खेळून झाल्यावर त्याचा चेहरा कसा होता.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि पालक नेमकी तीच लिहीत नाहीत. एका आईच्या वहीतलं पान साधारण असं होतं : ‘मंगळवार. क्लासवरून साडेआठला आला. बूट न काढताच बसला. पेपर मिळाला का विचारलं, “हो” म्हणाला. पुढे काही नाही. लगेच गेम. जेवायला तीनदा हाक मारली. ताट मांडीवर घेऊन जेवला. बाराला लाइट बंद केला, पण चादरीत उजेड दिसत होता.’ पुढचे तीन क्लासचे दिवस असेच. शनिवार-रविवारी मात्र तो खेळला पण भांडला नाही, आणि रविवारी मामेभाऊ आल्यावर दुपारभर फोनला हात लावला नाही. पान वाचल्यावर पुढचा प्रश्न आपोआप ठरला : क्लासमध्ये काय चाललं आहे?

फोनमधला आकडाही बघा, पण त्याला सांगून. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’, आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’. चोरून बघितलेलं एक दिवस उघडं पडतं, आणि मग पुढची बोलणी सुरू होण्याआधीच संपतात.

तपासून बघा : नुसत्या तासांवरून काही ठरत नाही. सुट्टीत चार तास खेळून वेळेवर झोपणारा, मित्रांत रमणारा मुलगा आणि दोनच तास खेळणारा पण त्यासाठी शाळा बुडवणारा मुलगा, यातली काळजी दुसऱ्याची करायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. त्यात तीन गोष्टी बघतात : खेळण्यावर ताबा राहिलेला नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेमला महत्त्व आलं आहे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच आहे. यामुळे अभ्यास, घर, मैत्री यांचं ठळक नुकसान व्हायला हवं, आणि साधारण बारा महिने हे चित्र दिसायला हवं. हे निदान डॉक्टरांनी करायचं असतं. मावशीसमोर, शेजाऱ्यांसमोर ‘याला व्यसन लागलंय’ असं म्हणू नका. मूल ते लक्षात ठेवतं.

टप्पा २ : तो नेमकं काय खेळतो ते समजून घ्या

हा टप्पा एका संध्याकाळचा आहे. त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, ‘मला दाखव ना कसं खेळतात.’ पहिल्यांदा तो संशयाने बघेल, मग सांगायला लागेल.

तेव्हा कळेल की बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स या फोनवरच्या लढाईच्या गेममध्ये, बीजीएमआयची एक पूर्ण मॅच अर्ध्या तासापर्यंत जाते, फ्री फायरची त्याहून बरीच आधी संपते, आणि दोन्हींत मध्ये थांबण्याची सोय नाही. चौघांची स्क्वॉड, म्हणजे टोळी, असते. एक जण उठला तर उरलेले तिघे अडचणीत येतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला ऐकवतात. सीझन, म्हणजे गेममधली ठराविक मुदतीची फेरी, संपत आला की रँक पुश करण्याचं, म्हणजे क्रमवारीत वर चढण्याचं दडपण असतं. रोज लॉगिन केलं तर बक्षीस मिळतं, दिवस चुकला की साखळी तुटते. गेममधल्या बक्षिसाच्या पेटीतून काय निघेल हे आधी माहीत नसतं, म्हणून आणखी एक उघडावीशी वाटते. हे सगळं मुलाने सोडून जाऊ नये म्हणूनच तसं बनवलेलं आहे. इतकं लक्षात आलं की ‘तुझ्यात इच्छाशक्तीच नाही’ हे वाक्य तोंडातून निघणार नाही.

नेहमीची चूक : शेवटचा झोन, म्हणजे मॅचचा निर्णायक शेवट, चालू असताना वायफाय बंद करणं. तुमच्या लेखी ते शिस्त लावणं असतं, त्याच्या लेखी तीन मित्रांसमोर झालेली फजिती. पुढे नियम करताना मिनिटं मोजू नका, मॅच मोजा.

याच संध्याकाळी आणखी दोन गोष्टी बघून घ्या. माइकवर तो कोणाशी बोलतो? वर्गातले मित्र असतील तर ठीक, अनोळखी मोठी माणसं असतील तर शांतपणे चौकशी करा. आणि गेममध्ये वय किती टाकलं आहे? बीजीएमआयमध्ये अठराच्या आतल्या खेळाडूंसाठी रोजच्या वेळेवर मर्यादा आहे, म्हणून मुलं वय वाढवून टाकतात. पैसे लावून जिंकण्या-हरण्याचा खेळ दिसला तर तो वेगळाच विषय आहे. अशा ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे.

टप्पा ३ : बोलणं, पण गेमबद्दल नाही

हा टप्पा सगळ्यात जास्त बिघडतो, म्हणून सविस्तर सांगते.

जागा आधी ठरवा. वन रूम किचनमध्ये सहा माणसांसमोर कुठलंही मूल मनातलं बोलणार नाही. बाहेर पडा. रात्री जेवण झाल्यावर खाली एक फेरी, दादर चौपाटीपर्यंत चालणं, बसची खिडकीजवळची सीट. समोरासमोर बसवून घेतलं की ती चौकशी वाटते. शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, म्हणून बोलणं सोपं जातं. एकाच पालकाने जायचं, ज्याच्याशी सध्या कमी भांडणं होतात त्याने. वेळ अशी निवडा की तो भुकेला नसेल आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा नसेल.

पहिल्या दोन वेळा गेम कमी करण्याचा विषय काढायचाच नाही. वहीत दिसलेल्या गोष्टीवरून सुरुवात करा.

‘परवा क्लासवरून आलास तेव्हा खूप दमल्यासारखा वाटलास.’
‘काही नाही.’
‘बरं.’

इथे थांबा. हा ‘बरं’ फार अवघड असतो. बहुतेक आया इथे ‘काही नाही कसं, काहीतरी आहेच’ म्हणतात आणि दार बंद होतं. दहा-वीस पावलं गप्प चाला. कधी त्याच फेरीत, कधी चौथ्या फेरीत काहीतरी निघतं : क्लासमध्ये सर सगळ्यांसमोर मार्क वाचून दाखवतात, मराठी शाळेतून इंग्रजी ज्युनिअर कॉलेजात गेल्यावर काही कळत नाही आणि विचारायची लाज वाटते, मुलं जाड्या म्हणून चिडवतात, घरातली भांडणं भिंतीपलीकडून ऐकू येतात, आजोबा गेल्यापासून झोप लागत नाही. काही वेळा तर एवढंच कळतं की गेमच्या बाहेर त्याला एकही मित्र नाही.

ऐकल्यावर लगेच उपाय सांगू नका. ‘हे एवढे दिवस तू एकट्यानेच सहन केलंस’ एवढं पुरतं. मग एक प्रश्न विचारा, ‘खेळताना कसं वाटतं तुला?’ उत्तर बहुतेकदा मोलाचं असतं. ‘तिथे मी चांगला आहे’ असं एका मुलाने मला सांगितलं होतं. पुढे सहाव्या टप्प्यात काय करायचं, ते या उत्तरावरून ठरतं.

टाळायची वाक्यं : ‘शेजारचा बघ’, ‘आम्ही तुझ्यासाठी रात्रंदिवस मरतोय’, ‘दहावीचं वर्ष आहे, कळत नाही का’. आणि जे विश्वासाने सांगितलं ते संध्याकाळी आत्याला फोनवर सांगणं. एवढ्या एका गोष्टीने महिनाभराची मेहनत वाया जाते.

तपासून बघा : किशोरवयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस चिडचिड, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा, भूक-झोप बिघडलेली, ‘माझ्याने काहीच होत नाही’ अशी भाषा असं चित्र असेल, तर घरचे टप्पे चालू ठेवून थेट सातव्या टप्प्यातली मदतही सोबत सुरू करा. गेम त्या वेळी आजार नसून आडोसा असू शकतो, आणि नुसता आडोसा काढून घेतला तर मूल आणखी उघडं पडतं.

टप्पा ४ : रात्र सुधारा

दिवसाच्या खेळाला अजून हात लावायचा नाही. आधी रात्र.

तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. सकाळच्या सत्राची शाळा सातला भरते आणि मुलगा एकला झोपतो, म्हणजे रोज पाच तास. एवढ्या झोपेवर कोणाचाही राग अनावर होतो, लक्ष लागत नाही, आणि कुठलाही नियम पाळण्याची ताकद उरत नाही. म्हणून झोप सुधारल्याशिवाय वेळापत्रक लादणं म्हणजे ताप आलेल्या मुलाला शर्यतीत पळवणं.

क्रम असा :

१. उठण्याची वेळ ठरवा आणि रविवारीही ती तासाभराहून जास्त सरकू देऊ नका.

२. झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. एकची अकरा एका रात्रीत होत नाही. तो नुसता अंथरुणात तळमळेल आणि म्हणेल, ‘बघ, झोप येतच नाही.’

३. फोनची रात्रीची जागा ठरवा. ओट्याजवळचा प्लग चांगला. घरातले सगळे फोन तिथेच, बाबांचाही. बाबा अंथरुणात रील्स बघत असतील तर हा टप्पा होणारच नाही. हे मी अगदी स्पष्ट सांगते.

४. ‘अलार्मसाठी फोन लागतो’ हे उत्तर येणार. गजराचं साधं घड्याळ आधीच आणून ठेवा.

सावधान : आजी-आजोबांचा फोन, जुना पडलेला फोन, टॅब. रात्रीचा गेम बहुतेक वेळा यातल्याच एकावर जातो. आजीला विश्वासात घ्या, तिला दोष देऊ नका. नातू मागतो तेव्हा तिला नाही म्हणवत नाही, म्हणून ‘ओट्याजवळ ठेवलाय, आईला विचार’ हे वाक्य तिच्या हाताशी द्या.

तपासून बघा : सलग दोन आठवडे बऱ्याच रात्री आठ तासांच्या आसपास झोप झाली का? नसेल तर इथेच थांबा. पाचवा टप्पा पळून जात नाही.

टप्पा ५ : लेखी करार आणि पैशांची कुलपं

आता दिवसाचा खेळ. मुलाला सोबत घेऊन एका पानावर लिहा : शाळेच्या दिवशी किती मॅच, सुट्टीच्या दिवशी किती, कोणत्या वेळेत, शेवटची मॅच किती वाजेपर्यंत सुरू करता येईल. पहिला आकडा त्यालाच सांगू द्या. तो जास्तच सांगेल, मग घासाघीस करा. सध्या तो रोज सात मॅच खेळत असेल तर एकदम एकवर आणू नका. पाच, मग चार.

नियम मोडल्यावर काय, हे करार करतानाच लिहायचं, रागाच्या भरात ठरवायचं नाही. परिणाम छोटा आणि लगेच संपणारा ठेवा : दुसऱ्या दिवशी एक मॅच कमी. ‘महिनाभर फोन बंद’ ही शिक्षा तुम्हालाच चौथ्या दिवशी मागे घ्यावी लागते. पानावर पालकांचीही दोन कलमं हवीत. उदाहरणार्थ, मॅच चालू असताना ओरडायचं नाही, पाहुण्यांसमोर गेमचा विषय काढायचा नाही. खाली सगळ्यांच्या सह्या. आई ‘नाही’ आणि बाबा ‘खेळू दे गं’ असं असेल तर आधी तुम्ही दोघं बोलून घ्या.

पालकांसाठीचे लॉक, गुगलचं फॅमिली लिंक वगैरे, या टप्प्यावर आणि त्याला सांगून लावा. करारातली वेळ आठवण करून द्यायला ते उपयोगी पडतात. कराराशिवाय लावलेलं लॉक सोळा वर्षांचा मुलगा मित्राच्या फोनवर जाऊन सहज चुकवतो.

पैशांचं मात्र याच दिवशी, न चुकता :

१. यूपीआय पिन बदला आणि त्याच्यासमोर टाकू नका.
२. ॲप स्टोअरमध्ये जतन केलेलं कार्ड काढा, प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू करा.
३. बँकेच्या मेसेजसाठी तुमचा, म्हणजे त्याच्या हातात नसलेला, नंबर आहे ना ते बघा.

डायमंड किंवा यूसी (गेममधलं, खरे पैसे देऊन घ्यायचं चलन) घेण्यासाठी त्याने तुमच्या खात्यातून पैसे काढलेले निघाले तर मारू नका. आधी ॲप स्टोअरकडे परताव्याची विनंती करा, उशीर झाला की ती मान्य होण्याची शक्यता कमी होते. अनोळखी माणसाने ‘स्वस्तात यूसी देतो’ म्हणून फसवलं असेल तर तातडीने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे फेडण्याचा छोटा, जमेल असा हप्ता खाऊच्या पैशातून ठरवा. धमकावून कोणी त्याच्याकडून पैसे उकळत होतं का, हेही एकदा विचारा.

टप्पा ६ : रिकाम्या झालेल्या वेळात काय

इथे पालक घाईने अबॅकस, कीबोर्ड किंवा आणखी एक क्लास लावतात. आठवड्यात बंद पडतो. गेममध्ये त्याला जे मिळत होतं त्याच्याशी मिळतंजुळतं काहीतरी हवं : सोबतीला चार जण, रोज थोडी दिसणारी प्रगती, आणि आपण कशात तरी चांगले आहोत ही जाणीव. तिसऱ्या टप्प्यातलं त्याचं उत्तर आठवा.

मुंबईत मैदानं कमी, तरी वाटा आहेत. वस्तीतला कबड्डी संघ. शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर, तिथे मल्लखांब शिकवतात. महापालिकेचे तरण तलाव. गणेशोत्सवाच्या आधी मंडळाच्या सजावटीचं काम, ज्यात लाकूड कापण्यापासून लाइटिंगपर्यंत सगळं हाताने करावं लागतं आणि मोठी पोरं लहानांना आपोआप सामावून घेतात. निवड त्याची, आणि शक्य असेल तर ओळखीचा एक मित्र बरोबर. एकटा नवीन मुलगा दुसऱ्या दिवशी जात नाही.

पहिले दोन-तीन आठवडे तो ‘बोअर होतंय’ म्हणत घरभर फिरेल. फिरू द्या. त्याच्या हातात लगेच रिमोट देऊ नका.

टप्पा ७ : बाहेरची मदत

दोन-तीन महिने प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही शाळा बुडत असेल, हिंसक होत असेल, आंघोळ-जेवण सुटलं असेल, किंवा वरची नैराश्याची लक्षणं असतील तर वाट बघू नका. शाळेत समुपदेशक असेल तर तिथून सुरुवात सोपी. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन, जेजे आणि कूपर या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केसपेपर काढून बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. सकाळी लवकर जा, रांग असते. कुठे जायचं कळत नसेल तर १४४१६ वर विचारा.

सोबत पहिल्या टप्प्यातली वही न्या. डॉक्टरांना ती कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त सांगते. मुलाला फसवून नेऊ नका, ‘रक्त तपासायला जाऊ’ असं तर अजिबात नाही. म्हणा, ‘तुला झोप लागत नाही, सारखा राग येतो, त्याचा तुलाच त्रास होतोय. त्यासाठी जाऊ. तुला डॉक्टरांशी एकट्याने बोलायचं असेल तर मी बाहेर थांबेन.’ आणि खरंच बाहेर थांबा.

तिथे डॉक्टर नैराश्य, चिंता, एडीएचडी (लक्ष न लागणं, अति चंचलता) असं काही सोबत आहे का ते तपासतात. उपचार मुख्यतः बोलण्यातून, वागणं बदलण्यातून होतो. गोळ्या दिल्या तर त्या बहुधा सोबतच्या त्रासासाठी असतात, आणि त्या मनाने बंद करायच्या नाहीत.

सावधान : ‘मुलाला आमच्याकडे सोडा, तीन महिने भेटायचं नाही’ असं म्हणणाऱ्या केंद्रात ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला भरती करण्याआधी दोन तज्ज्ञांनी, त्यातला किमान एक मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासायचं असतं, मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं असतं, आणि पालक किंवा जबाबदार माणसाने पूर्ण काळ सोबत राहायचं असतं.

टप्पा ८ : गाडी पुन्हा घसरली तर

घसरतेच. दिवाळीची सुट्टी, परीक्षा संपल्याचा आठवडा, नवा सीझन, जवळच्या मित्राशी भांडण, या वेळा आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि सुट्टीपुरता वेगळा करार सुट्टी लागण्याआधी लिहा.

तीन-चार दिवस नियम मोडले गेले तर करार फाडू नका आणि गेम डिलीटही करू नका. वही पुन्हा काढा, आधी काय घडलं होतं ते बघा, आणि आठवडाभर फक्त चौथ्या टप्प्यावर या : फोन ओट्याजवळ, उठण्याची वेळ तीच. झोप जागेवर आली की रविवारी दोघांनी बसून मॅचचा आकडा नव्याने लिहायचा.